घेंटच्या जुन्या गल्लीत सासूबाई

सासूबाईंना परदेश दाखवावा असा काही माझा हेतू नव्हता. मला लेकीला सांभाळायला माणूस हवं होतं, एवढंच खरं. युरोचं नाणं नुकतंच चालू झालं होतं त्या सुमाराची ही गोष्ट. मी येरवड्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. गालिचे विकणाऱ्या एका बेल्जियन कंपनीचं काम आमच्याकडे होतं आणि त्यासाठी मला सहा महिने घेंटला जायला सांगितलं. त्या काळी ऑनसाइटला नाही म्हणणं म्हणजे मांडलेल्या पानावरून उठणं. पुन्हा कोणी बोलावत नसे.

नवऱ्याला त्याच्या ऑफिसातून एवढी रजा मिळणं शक्य नव्हतं. लेक चार वर्षांची. माझे आई-वडील बिबवेवाडीतलं आपलं स्टेशनरीचं दुकान सोडून कुठे हलणारे नव्हते. उरल्या सासूबाई.

सासरे जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दोघंही मूळचे अमरावतीकडचे. सासऱ्यांना पुण्यात कारखान्यात नोकरी लागली आणि पुढे विश्रांतवाडीला कामगारांच्या सोसायटीत त्यांनी एक छोटं घर घेतलं. खाली दोन खोल्या, वर एक, मागे सांडपाण्यावर वाढलेलं केळीचं बेट. आम्हीही तिथेच राहायचो. सासूबाई पुण्यात आयुष्य काढूनही वऱ्हाडीच बोलायच्या. सोसायटीतल्या बायका त्यावरून हसायच्या, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. सासरे गेल्यावर मात्र त्यांचं बोलणंच आटलं. काहीही विचारलं की एकच उत्तर. ‘तुम्ही म्हनाल तसं.’

नवऱ्याने विमाननगरला नव्या इमारतीत फ्लॅट बघितला. विश्रांतवाडीचं घर विकायचं आणि सगळ्यांनी तिकडे जायचं असं ठरलं. फ्लॅटमधली पूर्वेची, सकाळी ऊन येणारी खोली आईंची, म्हणजे सासूबाईंची. हे सांगितलं तेव्हाही त्या म्हणाल्या, ‘तुम्ही म्हनाल तसं.’ घेंटला येता का विचारलं, तेव्हाही तेच.

घेंट हे बेल्जियमच्या फ्लेमिश भागातलं फार जुनं शहर. कंपनीने आम्हाला स्टेशनजवळ एक छोटी सदनिका दिली होती. मी सकाळी ट्रॅमने ऑफिसला जायची. आई आणि लेक दिवसभर खिडकीतून ट्रॅम मोजायच्या, वरणभात खायच्या, झोपायच्या. संध्याकाळी मी आले की आई दार उघडून पुन्हा पलंगावर जाऊन बसायच्या. मला अपराधी वाटायचं आणि थोडा रागही यायचा. एवढ्या लांब येऊन माणसाने निदान कुरकुर तरी करावी.

म्हणून एका शनिवारी मी दोघींना शहरातला जुना भाग दाखवायला घेऊन गेले. नदीकाठी दगडी किल्ला आहे आणि त्याच्या मागे अरुंद गल्ल्यांची एक वस्ती. तिला पाटर्सहोल म्हणतात. मध्ययुगात इथे कातडं कमावणारे राहायचे, संन्याशांचा मठ होता, असं पर्यटन कार्यालयातल्या पत्रकात लिहिलं होतं. गल्ली इतकी अरुंद की दोन माणसं हात पसरून उभी राहिली तर रस्ता बंद. खाली गोटे बसवलेले. दोन्ही बाजूंना एकमेकांना खांदा लावून उभी असलेली विटांची घरं, वर पायऱ्यापायऱ्यांचे त्रिकोणी माथे. मला ते सगळं फार आवडलं. मी पत्रक वाचून आईंना मराठीत सांगत होते, हे घर चारशे वर्षांपूर्वीचं, ते त्याहून जुनं.

आई खाली बघून चालत होत्या. गोट्यांवरून गुडघा दुखत होता. ‘चपटे गोटे भेटले नसन यायले,’ त्या म्हणाल्या. घरांबद्दल काहीच बोलल्या नाहीत.

तेवढ्यात लेकीला शू लागली. सकाळची वेळ. त्या गल्ल्यांमध्ये आता सगळी उपाहारगृहं आहेत, पण ती दुपारशिवाय उघडत नाहीत. मी एक बंद दार ठोठावलं, दुसरं ठोठावलं. लेक पाय जुळवून उभी. मी पत्रकातल्या नकाशात सार्वजनिक स्वच्छतागृह शोधत होते, आणि डोकं वर करून बघते तर आई लेकीचा हात धरून पुढे निघाल्या होत्या.

पुढच्या वळणावर एक म्हातारी बाई आपल्या उंबऱ्याचा दगड ब्रशने घासत होती. निळा एप्रन, आखूड कापलेले पांढरे केस. आईंनी तिच्यासमोर लेकीला उभं केलं आणि करंगळी दाखवली. बस. म्हातारीने लेकीकडे बघितलं, ब्रश बादलीत टाकला आणि तिला हाताला धरून आत घेऊन गेली. आई मागोमाग गेल्या. मी दारात उभी राहून ‘सॉरी, थँक यू’ म्हणत राहिले. ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

दाराशेजारच्या खिडकीत आतून एक कागद चिकटवला होता. तीन भाषांत एकच मजकूर होता, त्यातला इंग्रजी मला कळला. आत डोकावू नका, इथे बघण्यासारखं काही नाही, एक बाई सूप पीत आहे. पुण्यात वाढलेल्या माणसाला अशी पाटी वाचून बरं वाटतं. हिचं माहेर सदाशिव पेठेत असणार, असं मला वाटून गेलं.

आत गेले तेव्हा लेक मोकळी होऊन बिस्किट खात होती. घर म्हणजे रस्त्यालगत एक खोली, मागे स्वयंपाकघर, त्यामागे मूठभर अंगण. मधून वर जाणारा जिना शिडीसारखा उभा, आणि कठड्याऐवजी एक जाड दोर. आई त्या जिन्याकडे बघत होत्या.

‘हे बाई यावरून चढते?’ त्यांनी मला विचारलं.

मी इंग्रजीत विचारलं. म्हातारीने कानाला हात लावला. तिला ऐकायला फार कमी येत होतं. मी ओरडून विचारलं. तिला थोडं इंग्रजी यायचं. ‘रोज,’ ती म्हणाली, ‘रोज रात्री वर आणि रोज सकाळी खाली.’

‘आणि इथं कोन रायते अजून?’

‘कोणी नाही,’ मी सांगितलं. ‘एकट्याच राहतात.’

आईंनी पुन्हा जिन्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढून त्या बसल्या. मला वाटलं होतं, आपण दोन मिनिटांत आभार मानून निघू. आम्ही तासभर तिथे होतो. म्हातारीने कॉफी केली. आई कॉफीला कधी शिवत नाहीत, ती त्यांनी तोंड वाकडं न करता संपवली.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात असताना दुपारी मी घरी फोन केला. कोणी उचलला नाही. अर्ध्या तासाने पुन्हा केला, तरी नाही. आईंना त्या देशातला एक शब्द येत नव्हता, ट्रॅमचं तिकीट कसं काढायचं ते माहीत नव्हतं. मी बॅग उचलून घरी धावले. घराला कुलूप. खालच्या मजल्यावरच्या विद्यार्थ्याला विचारलं, तर तो म्हणाला, दोघी बाहेर जाताना दिसल्या, आजींच्या हातात डबा होता.

डबा म्हटल्यावर मला कळलं.

मी पाटर्सहोलमध्ये पोचले तेव्हा दार उघडंच होतं. मागच्या अंगणात दोन खुर्च्या मांडून दोघी बसल्या होत्या. लेक जमिनीवर बसून चमच्याने कुंडीतली माती उकरत होती. मध्ये स्टुलावर आमचा डबा, त्यात बेसनाच्या वड्या. आई वऱ्हाडीत बोलत होत्या. कारखान्याचा भोंगा, सासऱ्यांची दुसरी पाळी, त्यांचं शेवटचं दुखणं. सलग, न थांबता. सासरे गेल्यापासून मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत मान हलवत होती. आई थांबल्या की ती तिच्या भाषेत सुरू करायची, तेवढंच लांब, आणि बरंच मोठ्याने. तिला तसंही ऐकू येत नसल्यामुळे आईंची भाषा कोणती आहे याने काही बिघडत नव्हतं.

‘आई, सांगून तरी यायचं,’ मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

‘कोनाले सांगू? तू तं हापिसात.’

‘आणि आलात कशा?’

‘चालत. गाडीचे रूळ हायेत नं रस्त्यात, त्याइच्या संगं संगं आलो.’

त्यानंतर ते रोजचंच झालं. मी विरोध करायचं सोडून दिलं. आई सकाळी कामं उरकून लेकीला घेऊन रुळांच्या कडेकडेने जायच्या. गुडघ्याची तक्रार कमी झाली की त्या सांगेनाशा झाल्या, कोण जाणे. संध्याकाळी घरी आले की बातम्या मिळायच्या. म्हातारी आणि तिचा नवरा, दोघंही सूतगिरणीत होते. तिथल्या यंत्रांनी तिचे कान गेले. गिरण्या बंद पडल्या. एके काळी ही सगळी वस्ती इतकी गलिच्छ होती की ती पाडून टाकायचं घाटत होतं. हे सगळं आईंना कसं कळायचं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. काही हातवाऱ्यांनी, काही भिंतीवरच्या फोटोंवरून. मी एकदा पत्रकाशी ताडून बघितलं, तर बहुतेक बरोबर होतं.

एका रविवारी म्हातारीने आम्हाला तिघींना जेवायला बोलावलं. त्या दिवशी तिचा मुलगा आला होता. पन्नाशीचा, उंच, शहराबाहेर बागेचं घर असलेला. तो दर रविवारी आठवड्याचं सामान घेऊन यायचा. त्याला चांगलं इंग्रजी येत होतं. जेवण झाल्यावर तो सिगारेट ओढायला दारात आला आणि मी लेकीला गल्लीत खेळवत होते.

‘तुमच्या सासूबाई तुमच्याबरोबर राहतात?’ त्याने विचारलं.

‘हो.’

‘नशीबवान आहात,’ तो म्हणाला. ‘आम्ही किती वर्षं सांगतोय. आमच्याकडे खोली तयार आहे. तळमजल्यावर. जिना नाही, गरम पाण्याचं न्हाणीघर खोलीला लागून. माझ्या बायकोने पडदेसुद्धा लावलेत. ही येत नाही. तो जिना तुम्ही बघितलात ना? एक दिवस मला फोन येणार आहे, ही त्याच्या पायथ्याशी सापडली म्हणून. तुम्ही तिला सांगून बघा. तुमच्या सासूबाईंचं ती ऐकेल.’

मला तो माणूस फार चांगला वाटला. माझा नवरा याहून वेगळं काही बोलला नसता.

आई माझ्या मागे केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या ते मला कळलं नाही. ‘काय म्हनते तो?’

मी सगळं मराठीत सांगितलं. खोली, पडदे, जिन्याची भीती. आईंनी ते ऐकून घेतलं आणि त्या मुलाकडे जरा वेळ बघितलं.

‘पोरगा चांगला हाय,’ त्या म्हणाल्या. ‘पन त्यानं तिले कधी विचारलं का, तुले काय पाहिजे म्हून?’

मी ते भाषांतर करून सांगितलं. तो थोडा गोंधळला. ‘विचारायचं काय? ती इथेच राहणार म्हणते.’

‘मंग सांगूनच रायली नं थे,’ आई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. ते मी भाषांतरित केलं नाही.

परत येताना आम्ही नदीच्या पुलापाशी ट्रॅमची वाट बघत बाकावर बसलो. लेक माझ्या मांडीवर झोपली होती. आई समोरच्या पाण्याकडे बघत होत्या.

‘माही बी खोली तयार हाय म्हनता नं तुम्ही?’

‘हो आई. पूर्वेची. बाल्कनीसकट.’

‘मले कोनं विचारलं होतं?’

‘विचारलं होतं की. मी तिथेच होते. तुम्ही म्हणालात, तुम्ही म्हणाल तसं.’

‘तवा थे जाऊन महिना झाला नव्हता, पोरी. तवा कोनी म्हनलं असतं का चल नदीत उडी मार, तं मी म्हनलं असतं, तुम्ही म्हनाल तसं.’

ट्रॅम आली आणि गेली. आम्ही दोघीही उठलो नाही.

‘मी घर विकू देनार नाई,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही तिकडं जा. तुमचं हापिस तिकडं, तुमचं बराबर हाय. मी इथंच रायतो. म्हंजे तिथं.’

‘एकट्या?’

‘हाव. एकटी.’

मनात पहिला विचार काय आला ते सांगते. मग माझ्या लेकीला कोण सांभाळणार? दुसरा विचार, लोक काय म्हणतील. सासूला टाकून सुनेने फ्लॅटमध्ये संसार थाटला, हेच म्हणतील. आईंच्या गुडघ्याचा विचार तिसरा आला. त्यातला पहिला आईंनी बहुधा ओळखला असावा.

‘पोट्टीले माह्याकडं ठेवत जा शनिवारी,’ त्या म्हणाल्या. ‘रोज नाई जमनार. माहं वय झालं.’

त्या रात्री नवऱ्याचा फोन आला तेव्हा आईंनी स्वतःच त्याला सांगितलं. फोनवर तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. आई नुसतं ‘हाव’ आणि ‘नाई’ म्हणत होत्या. मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला.

‘तिकडे नेऊन काय दाखवलंस तिला?’ नवरा म्हणाला.

‘एक गल्ली,’ मी म्हणाले.

‘विनोद करू नकोस. गिऱ्हाईक ठरलंय घराला. आता त्यांना काय सांगू?’

‘आईंना विकायचं नाही असं सांग.’

‘आणि तुला पटतं हे?’

मी खरं तेच सांगितलं. ‘मला सोयीचं नाही. पण पटतं.’

तेवढ्यात त्याच्या कार्डावरचे पैसे संपले आणि फोन कट झाला.

घेंट सोडायच्या आदल्या दिवशी आम्ही पाटर्सहोलला गेलो. रडारड वगैरे काही झाली नाही. म्हातारीने लेकीला लोकरीची टोपी दिली, ती पुण्यात कधीच घालता आली नाही. आईंनी तिला आपलं एक सुती लुगडं दिलं. नेसायला नव्हे. त्यांनी ते उलगडून खिडकीला लावून दाखवलं, पडदा म्हणून. म्हातारी हसली. तिने लगेच स्टूल ओढलं, आणि आम्ही निघेपर्यंत दोघी खिळे आणि दोरी घेऊन त्याच उद्योगात होत्या. ती अंजिरी रंगाची खिडकी त्या गल्लीत कशी दिसत असेल ते मला बाहेरून नीट बघता आलं नाही, कारण समोर पर्यटकांचा एक घोळका तिचाच फोटो काढत उभा होता.

पुण्यात आल्यावर ठरल्याप्रमाणे झालं, म्हणजे आईंनी ठरवल्याप्रमाणे. विश्रांतवाडीचं घर राहिलं. विमाननगरचा फ्लॅट आम्ही एका खोलीने लहान घेतला. ती कमी केलेली खोली कोणासाठी होती हे दोघांनाही माहीत असल्यामुळे त्यावर चर्चा झाली नाही. लेक ऑफिसजवळच्या पाळणाघरात जाऊ लागली. पहिले काही महिने रोज सकाळी रडायची, मग रमली. नातेवाइकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. माझ्या सख्ख्या आईने एकदा विचारलं, ‘भांडण झालं का गं तुमचं?’ मी नाही म्हणाले. तिने विश्वास ठेवला नाही.

नवरा मात्र दुखावला होता. त्याला वाटत होतं, आईने आपल्याला नाकारलं. पहिलं वर्ष तो विश्रांतवाडीला जायचा तो पाहुण्यासारखा, माझ्याबरोबर, रविवारी, घड्याळाकडे बघत.

मग आईंनी वरची खोली दोन मुलींना राहायला दिली. एक यवतमाळची, एक अकोल्याची. दोघी नव्यानेच आयटीत लागलेल्या, पुण्यात कोणी ओळखीचं नाही. मला वाटलं होतं, आईंना त्यांचं उशिरा येणं, फोनवर अर्ध्या इंग्रजीत बोलणं झेपणार नाही. पण त्या मुली घरी आल्या की वऱ्हाडीत बोलायच्या, आणि आईंचं घर पुन्हा आवाजाचं झालं. त्या गेल्या, दुसऱ्या आल्या, मग तिसऱ्या. सोसायटीत लोक त्याला मुलींचं होस्टेल म्हणू लागले. अध्यक्षांनी एकदा येऊन हरकत घेतली. आईंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, ‘तुमची पोरगी बंगलोरले कोनाच्या घरी रायते, तिले विचारून या.’ ते पुन्हा आले नाहीत.

त्यातल्याच एका मुलीमुळे नवऱ्याचं सुरळीत झालं. तिला कसली तरी परीक्षा द्यायची होती आणि त्या विषयात नवरा पक्का होता. आईंनी त्याला फोन केला, ‘पोट्टीले समजावून दे.’ तो एका गुरुवारी ऑफिसातून परस्पर गेला. त्याने शिकवलं, मग आईंच्या हातचं जेवला आणि बऱ्याच उशिराने घरी आला. पुढच्या गुरुवारी पुन्हा गेला. परीक्षा झाली, मुलगी नोकरी बदलून हैदराबादला गेली, तरी याचे गुरुवार चालूच राहिले.

एकदा मी त्याला विचारलं, ‘तिथे करतोस काय एवढा वेळ?’

‘काही नाही,’ तो म्हणाला. ‘ती बोलते, मी ऐकतो. बाबा पहिल्यांदा पुण्यात आले तेव्हा स्टेशनवर कुठे झोपले होते ते आज सांगत होती. मला माहीतच नव्हतं.’ मग म्हणाला, ‘एवढी वर्षं एका घरात होतो. तेव्हा कधी विचारलं नाही.’

पुढच्या गुरुवारी सकाळी तो ऑफिसला निघाला तेव्हा मी त्याच्या हातात दह्याचा छोटा मातीचा सट दिला. आईंकडचं विरजण बिघडलं होतं.